चेक इंजिनची लाइट लागली आणि घरात स्कॅनर नाही, तर

सगळ्यात आधी एक गोष्ट, बॅटरीची वायर काढू नका. चेक इंजिनची पिवळी लाइट लागली की शेजारचा, ऑफिसमधला, चहाच्या टपरीवरचा कुणीतरी हमखास सांगतो की निगेटिव्ह टर्मिनल काढ, पंधरा मिनिटं थांब, परत लाव, लाइट जाते बघ. जाते, हे खरंय. पण तिच्यासोबत गाडीच्या कॉम्प्युटरने म्हणजे ईसीयूने जे लिहून ठेवलेलं असतं तेही जातं आणि ते फार कामाचं असतं. दोष सापडला त्या क्षणी स्पीड किती होता, आरपीएम किती होते, इंजिन किती तापलेलं होतं, लोड किती होता हे सगळं तिथे साठवलेलं असतं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. उद्या गॅरेजला स्कॅनर (ईसीयूत नोंदलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावल्यावर चांगला मेकॅनिक आधी तेच बघतो. ते तुम्ही घरूनच पुसून नेलंत तर तो बिचारा अंदाजाने एकेक सेन्सर बदलत बसणार आणि त्या अंदाजाचे पैसे तुमच्या खिशातून जाणार. शिवाय मूळ बिघाड तसाच असेल तर दोन-चार दिवसांत लाइट परत येतेच.

हे एवढ्या कळकळीने लिहायचं कारण म्हणजे लोक एकतर लाइट बघून घाबरतात नाहीतर सहा-सहा महिने तशीच गाडी चालवतात, आणि दोन्हीत नुकसान आहे. स्कॅनर नसला तरी लाइट कशी लागलीये, कधी लागली आणि गाडी कशी चालतेय या तीन गोष्टींवरून बरंच कळतं. निदान गाडी चालवायची की उभी करायची हे तर नक्कीच कळतं.

तर पहिलं, लाइट स्थिर आहे का उघडझाप करतेय. किल्ली ऑन केल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी ही लाइट लागतेच, ती लागायलाच हवी, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवी. (सेकंडहँड गाडी घेताना हे जरूर बघा, किल्ली ऑनला लाइट लागतच नसेल तर कुणीतरी तिचा बंदोबस्त करून ठेवलाय असं समजा.) इंजिन सुरू असताना स्थिर पिवळी लाइट आहे, गाडी नेहमीसारखी ओढतेय, आवाज बदललेला नाही, तर बहुतेक वेळा घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं. लाइट उघडझाप करत असेल तर प्रकरण वेगळं आहे. त्याचा अर्थ एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतच नाहीये, गाडी मिस मारतेय, आणि ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकची बारीक जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो, आणि एवढ्या उष्णतेने ती जाळी वितळते. प्लग किंवा त्याला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या कॉइलचं काम किरकोळ पैशात होतं, कन्व्हर्टरचं बिल बघून माणूस खाली बसतो.

आमचे दाजी गेल्या पावसाळ्यात चिपळूणहून कराडला यायला निघाले होते आणि पोफळीच्या अलीकडे त्यांचा फोन आला, गाडी थरथरतेय, पिकअप नाही, लाइट लागलीये. मी म्हटलं, "दाजी, लाइट तशीच राहिलीये का लुकलुकतेय?" म्हणाले लुकलुकतेय, जास्त रेस केली की जास्तच. म्हटलं मग घाट चढू नका, आहे तिथेच बाजूला घ्या. कुंभार्ली चढायचा म्हणजे सगळा चढ आणि सगळा लोड, आणि मिस मारणाऱ्या गाडीला लोडच सगळ्यात वाईट. मग विचारलं की काल-परवा गाडीला काय केलं होतं, तर आदल्याच दिवशी वॉशिंग सेंटरला बोनेट उघडून प्रेशरने इंजिन धुऊन घेतलेलं. झालं, तिथेच निम्मं उत्तर मिळालं. तिथल्या एका मेकॅनिकने कॉइल वर काढल्या तर दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं होतं. फडक्याने टिपलं, हवा मारली, कॉइलचं रबर कोरडं करून परत बसवलं आणि दाजी संध्याकाळी घरी जेवायला होते.

म्हणून मी कुणीही विचारलं की आधी हेच विचारतो, लाइट यायच्या आधी काय झालं होतं. पेट्रोल भरल्यावर दहा-वीस किलोमीटरात लाइट आली आणि गाडी अडखळायला लागली तर पेट्रोलवर संशय घ्या, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यासोबत तळाशी जाऊन बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. सर्व्हिसिंगहून आल्यावर लगेच आली तर एअर फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा, तिथला सेन्सरचा कनेक्टर, डब्यापासून इंजिनकडे जाणारा जाड रबरी पाइप आणि त्याचा क्लॅम्प बघा, काहीतरी लावायचं राहिलेलं असतं किंवा अर्धवट बसलेलं असतं, आणि हे बघायला हाताशिवाय काही लागत नाही. गाडी आठ-पंधरा दिवस उभी होती आणि मग आली तर उंदीर आणि बॅटरी. धो-धो पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर आली तर खालच्या बाजूचे कनेक्टर. आणि गाडी नव्वद हजार-लाख किलोमीटर चाललीय, काहीच वेगळं घडलं नाही, हळूहळू ॲव्हरेज पडत गेलं आणि मग लाइट आली, तर प्लग, ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) वगैरे झिजण्याच्या गोष्टी.

हे एका कागदावर लिहून ठेवा, खरंच. तारीख, किती किलोमीटर झाले, थंड इंजिनला का गरम, चढाला का सिग्नलवर, एसी चालू होता का. आणि मीटरचा फोटो काढा, कारण मीटरवर अजून कुठली लाइट आहे तेही महत्त्वाचं. लाल रंगाची तेलाच्या किटलीची लाइट किंवा लाल टेम्परेचरची लाइट सोबत असेल तर चेक इंजिन वगैरे सगळं विसरा आणि गाडी ताबडतोब बाजूला घेऊन बंद करा. पिवळीला वेळ असतो, लालला नसतो.

आता बोनेट उघडायचं. इंजिन थंड असताना. डिपस्टिक पुसून परत घालून ऑइल बघा, कूलंटच्या बाटलीवर मिन आणि मॅक्सच्या मधे पातळी आहे का बघा (रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही), बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. हलत असतील किंवा पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असेल तर व्होल्टेज वरखाली होतं आणि मग ईसीयू भलत्याच गोष्टींच्या तक्रारी नोंदवतो. टर्मिनल जागच्या जागी घट्ट करणं वेगळं आणि काढून ठेवणं वेगळं, तेवढं लक्षात ठेवा.

मग इंजिन सुरू करा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. गरम झाल्यावर आरपीएमचा काटा साधारण ७००-८०० च्या आसपास शांत उभा राहायला हवा. तो वरखाली डोलत असेल आणि कुठूनतरी बारीक सुईई असा आवाज येत असेल तर कुठलातरी व्हॅक्यूमचा पाइप फाटलाय किंवा निघालाय, तिथून न मोजलेली हवा आत जातेय. काही जण हे शोधायला कार्ब क्लीनर मारतात, मला ते घरी करायला आवडत नाही कारण ते पेट घेणारं असतं आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो. झाडांना पाणी मारायची स्प्रेची बाटली घ्या, इनटेकच्या पाइपांच्या जोडांवर थोडं-थोडं पाणी मारा, आणि ज्या जोडावर मारल्यावर इंजिनचा सूर क्षणभर बदलतो तिथे गळती. कॉइल, फ्यूजबॉक्स आणि पट्ट्यापासून लांब राहून. सायलेन्सरमागे पण एकदा जा: काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, निळसर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असू शकतं, आणि सडक्या अंड्यासारखा वास असेल तर कन्व्हर्टरवर जास्त भार पडतोय.

उंदराबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे, आणि पावसाळ्यात तर फारच, हे कारण पहिल्या तीनात असतं. बाहेर ओल असते, इंजिन रात्रभर ऊब धरून असतं, उंदीर तिथे येऊन बसतो आणि वायरी कुरतडतो. आमच्या गाडीत झालेलं असं, चार सिलिंडरची साधी पेट्रोल गाडी, गाडी एकदम मस्त चालत होती, आवाज ठीक, पिकअप ठीक, आणि लाइट मात्र स्थिर लागलेली. टॉर्च घेऊन आधी मी लेंड्या शोधल्या, कारण वायर शोधण्यापेक्षा लेंड्या शोधणं सोपं असतं, त्या बॅटरीच्या ट्रेवर आणि इंजिनच्या मागच्या बाजूला फायरवॉलच्या कडेला सापडल्या. मग त्या वाटेवरच्या वायरींवरून बोट फिरवत गेलो. एक्झॉस्टजवळ ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर असतो, त्यात सहसा चार वायरी असतात आणि त्यातल्या दोन एकाच रंगाच्या असतात, त्या सेन्सरच्या आतल्या हीटरच्या. त्यातली एक कनेक्टरच्या अलीकडे बोटभर अंतरावर पार तुटलेली, तांब्याचे तंतू बाहेर आलेले आणि शेजारच्या वायरीवर दातांचे खाचे. हीटर बंद म्हणजे सेन्सर तापायला वेळ लागतो, ईसीयूला ते लगेच कळतं आणि तो लाइट लावतो, पण गाडी चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही.

ही जोडणी नीट करा, नुसतं पिळून काळी टेप मारू नका, एक्झॉस्टच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो आणि टेप सुटते. इंजिनकडून येणाऱ्या हार्नेसची म्हणजे वायरींच्या जुडग्याची बाजू असेल तर सोल्डर करून वर हीटश्रिंकची (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवली की झालं. तुटलेली वायर कनेक्टरच्या पलीकडे म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या शेपटीची असेल तर सोल्डर करत नाहीत, क्रिंप करतात म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडतात, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरीच्या आतूनच मिळते आणि सोल्डरने ती वाट बुजते. हे मला एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कळलं, आणि पुढे जिथे जिथे कुणी वायर जोडताना बघितलं तिथे मी हे सांगत आलोय.

सीएनजीवाल्यांना तर स्कॅनरशिवाय एक मोठी सोय आहे, ती म्हणजे बटण. गाडी मिस मारतेय ना, मग पेट्रोलवर टाका आणि बघा. सीएनजीवर मिस मारते आणि पेट्रोलवर गुळगुळीत चालते, तर गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर (इंजिनात इंधन सोडणारे) किंवा प्लग, आणि यात प्लग मी मुद्दाम लिहितोय कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते, त्यामुळे थकलेला प्लग किंवा कॉइल आधी सीएनजीवरच उघडी पडते. दोन्हींवर सारखीच मिस मारत असेल तर ठिणगी किंवा हवेची बाजू बघा. आणि फक्त पेट्रोलवरच अडखळत असेल तर वर्षानुवर्षं पेट्रोलवर न चालवल्याने पेट्रोलचे इंजेक्टर चोंदलेत असं समजायला हरकत नाही. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये तर ट्यूनिंग बिघडलं की पेट्रोलच्या ईसीयूला हवा-इंधनाचं गणित जुळत नाही आणि तो लाइट लावतो, तिथे किट बसवणाऱ्याकडेच जावं लागतं.

कुठला सिलिंडर मेलाय हे पण घरी शोधता येतं. इंजिन आयडलवर ठेवून इंजेक्टरचा एक कनेक्टर काढा, इंजिन लगेच अडखळायला लागलं म्हणजे तो सिलिंडर काम करत होता, परत लावा आणि पुढचा काढा. ज्याचा कनेक्टर काढल्यावर काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर मेलेला. जुने मेकॅनिक प्लगची वायर किंवा कॉइल उपसून हेच करायचे, ते आता करू नका, एकतर तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात आणि दुसरं म्हणजे पेट्रोल चालू राहून ठिणगी बंद झाल्यावर तेच न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. इंजेक्टरचा कनेक्टर काढला तर पेट्रोलच बंद होतं. अर्थात याने ईसीयूत दोन-चार जास्तीचे कोड नोंदले जातील, मेकॅनिकला तसं आधी सांगून टाका. मग इंजिन बंद करून, थंड करून त्या सिलिंडरचा प्लग काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर प्लग ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला चिकट काळा म्हणजे ऑइल, आणि खड्ड्यात वरूनच ऑइल साचलं असेल तर वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं सील गेलंय. जुन्या, लांब प्लगवायरी असलेल्या गाड्यांत अजून एक जमतं: रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायर फुटली असेल तर निळी ठिणगी बाहेर उडताना डोळ्यांना दिसते.

डिझेलचं मी थोडक्यात सांगतो. बीएस ६ डिझेलला डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि रोज चार किलोमीटर ऑफिस आणि परत असं चालवलं की तो काजळीने भरतो. आधी त्याची वेगळी लाइट येते आणि तेव्हा गाडी हायवेला नेऊन पंधरा-वीस मिनिटं २,००० आरपीएमच्या वर सलग चालवली की बहुतेक वेळा तो स्वतःला जाळून साफ करतो, नेमकं कसं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ती लाइट दुर्लक्षित केली की मग चेक इंजिन येतं आणि गाडी लिम्प मोडला जाते, म्हणजे ठराविक आरपीएमच्या वर जातच नाही. तिथून पुढे घरी काही होत नाही.

एक साधी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, टेम्परेचर. इंजिन गरमच होत नसेल तरी लाइट लागते. काटा असलेल्या गाडीत काटा कधीच मधोमध येत नाही, बिनकाट्याच्या गाडीत निळी लाइट खूप वेळ विझत नाही, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. ॲव्हरेज पण पडलेलं असतं.

आता यूट्यूबवरच्या दोन गोष्टी. अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेत तर पहिला सल्ला असतो पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा. तिकडे १९९६ पासून ओबीडी टू (गाडीने स्वतःच स्वतःचे दोष तपासून नोंदवायची पद्धत) सगळ्या कारना सक्तीचं झालं आणि त्यात टाकीतून वाफ गळते का हे गाडी स्वतः तपासते, म्हणून झाकण ढिलं राहिलं तरी लाइट लागते. आपल्याकडे भारत स्टेज ४ सोबत २०१० पासून ओबीडी आलं, दुसरा टप्पा २०१३ ला, पण आपले नियम युरोपच्या धर्तीवरचे आहेत आणि त्यात ती गळतीची चाचणी सहसा नसते. झाकण जरूर तपासा, फुकट आहे, पण त्यावर विसंबू नका. दुसरी गोष्ट म्हणजे पेपर क्लिप. ओबीडी टूच्या आधीच्या काही गाड्यांत डायग्नोसिसच्या पॉइंटला तार लावून दोन पिना जोडल्या की लाइट स्वतःच कोड लुकलुकून दाखवायची, म्हणजे एकदा लुकलुक, थोडं थांबून दोनदा लुकलुक म्हणजे कोड १२. ज्यांच्याकडे अशी गाडी आणि तिचं मॅन्युअल दोन्ही आहे त्यांनी करावं. पण आताच्या, स्कॅनर लावायच्या १६ पिनांच्या पोर्टमध्ये तार घालायची नाही, तिथल्या १६ नंबरच्या पिनेला किल्ली बंद असतानाही थेट बॅटरीचं करंट असतं आणि ४ व ५ नंबर अर्थिंग आहेत, चुकून त्या जोडल्या गेल्या तर फ्यूज उडणं हे सगळ्यात स्वस्त नुकसान.

आणि समजा कारण सापडलं, पाइप बसवला, वायर जोडली, प्लग बदलले, तरी लाइट लगेच गेली नाही म्हणून पुन्हा सगळं उचकू नका. बऱ्याच दोषांसाठी ईसीयू सलग दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच लाइट लावतो, आणि विझवण्याआधी साधारण सलग तीन फेऱ्या सगळं ठीक आहे हे बघतो. फेरी म्हणजे थंड इंजिन सुरू करून, नीट गरम करून, थोडं गावात थोडं मोकळ्या रस्त्यावर चालवून बंद करणं, कोपऱ्यावरून दूध आणणं ही फेरी धरली जात नाही. लाइट गेल्यावरही कोड आत राहतो, इंजिन चाळीसेक वेळा थंडचं गरम होईपर्यंत. त्यामुळे लाइट गेली तरी पुढच्या सर्व्हिसिंगला स्कॅनर लावायला सांगा आणि तो कागद सोबत न्या.